वाचकांच्या शंका : ‘बार’ म्हणजे नेमके काय?

गेल्या अंकातील एका उत्तरात ‘बार आणि बेंच’ हा शब्दप्रयोग ओझरता येऊन गेला आणि त्यातल्या ‘बार’वरून अनपेक्षितपणे बरीच पत्रे आली. एरवी हे सदर चार-पाच निरनिराळ्या शब्दांमध्ये वाटलेले असते. या खेपेस सगळी जागा एकट्या ‘बार’ला दिली आहे. पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझी सून म्हापशाला वकिली करते आणि ‘बार असोसिएशन’ची सभासद आहे. आमच्या घरासमोरच ‘बार अँड रेस्टॉरंट’ आहे. रेडिओवर पूर्वी हवेचा दाब ‘मिलिबार’मध्ये सांगत, आणि नातू रोज चॉकलेटचा बार मागतो. या सगळ्यांचा मूळ धागा एकच आहे, की निरनिराळे शब्द योगायोगाने सारखे दिसू लागले आहेत?
– एक निवृत्त शिक्षक, डिचोली

उत्तर : आपण दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन एकाच घरातली आहेत आणि मिलिबार मात्र परका आहे. आधी घरातल्यांविषयी.

इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि तेथे त्याचा अर्थ दार किंवा फाटक पक्के बंद करण्यासाठी आडवा घालायचा दांडा असा होता. हे समजून घेण्यासाठी आपल्याला फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. साखळीकडच्या आमच्या आजोळच्या घराला असा दांडा होता. चिऱ्यांच्या भिंतीत, दाराच्या एका अंगाला, दाराच्या रुंदीइतके खोल चौकोनी भोक होते आणि त्यात फणसाच्या लाकडाचा मनगटाहून जाड दांडा दिवसभर दडलेला असे. रात्री सर्वांची जेवणे झाली की मामा तो बाहेर ओढून दाराच्या पाठीमागून पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत बसवीत, आणि चिऱ्यावर लाकूड घासल्याचा तो खर्रर्र आवाज झाला की आता बाहेरचे कोणी आत येणार नाही, अशी आम्हा मुलांची खात्री होई. मराठीत हाच अडसर. काही घरांत त्याला आगळ म्हणतात, संस्कृतातल्या ‘अर्गला’वरून, गोव्यात आगळ म्हटल्यावर आधी सोलांचे आगळ आठवते, ही गोष्ट वेगळी. लक्षात घेण्याजोगे हे की दाराचा हा लाकडी अडसर मराठीतही पुढे ‘कामातला अडसर’ झाला, म्हणजे वस्तूवरून अडथळ्यापर्यंतचा जो प्रवास इंग्रजी शब्दाने केला तोच आपल्या शब्दानेही केला.

आता आपल्या सूनबाईंकडे येऊ. इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांत न्यायाधीशांच्या आसनापुढची जागा उरलेल्या दालनापासून लाकडी कठड्याने वेगळी केलेली असे. आरोपीला त्या कठड्याशी आणून उभे करीत आणि त्याची बाजू मांडण्याचा अधिकार असलेले लोकही तेथेच येऊन बोलत. लंडनमधल्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या विधिसंस्थांमध्येही शिकाऊ मंडळी आणि पारंगत मंडळी यांच्यामध्ये असाच आडपडदा होता, आणि ज्याचे शिक्षण पुरे झाले त्याला त्या कठड्याशी बोलावून घेतले जाई. गांधीजींना १० जून १८९१ रोजी असे बोलावले गेले आणि ते बॅरिस्टर झाले. शेजारच्या वेंगुर्ल्याच्या नाथ पै यांच्या नावाआधी तर ‘बॅरिस्टर’ हा शब्द इतका पक्का बसला की ते नावच वाटावे. ‘बॅरिस्टर’च्या सुरुवातीला जो ‘बॅर’ आहे तो हाच कठडा. पुढे कठड्याचे नाव त्याच्याशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या वकीलवर्गाला लागले, आणि न्यायाधीशांच्या बाकाचे नाव, म्हणजे ‘बेंच’, न्यायाधीशांना लागले. ‘बार आणि बेंच’ हा भारदस्त शब्दप्रयोग म्हणजे वास्तविक एक कठडा आणि एक बाक. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने आपल्याकडे सर्वांना ‘अ‍ॅडव्होकेट’ या एकाच वर्गात आणले, तरी सनद देणारी संस्था ‘बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा’ या नावातून कठडा सांभाळून आहे.

घरासमोरच्या बारचेही तेच. इंग्लंडच्या खाणावळींत मद्याची पिंपे आणि गिऱ्हाइके यांच्यामध्ये एक आडवा कट्टा असे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या कट्ट्याला ‘बार’ म्हणू लागले, नंतर कट्टा असलेल्या खोलीला आणि शेवटी सबंध दुकानाला. गोव्यात पोर्तुगीज वळणाची तावेर्न आधीपासून होतीच. ‘बार’ हा शब्द पोर्तुगीजांनीही या अर्थाने इंग्रजीतून उचलला. काही वर्षांपूर्वी एका न्यायालयाच्या आवारात, काणकोणहून सकाळच्या पहिल्या बसने आलेल्या एका वयस्क बाईंना शिपायाने ‘वकीलसाहेब बार रूममध्ये आहेत’ असे सांगितले. ‘इतक्या सकाळीच?’ एवढेच त्यांनी विचारले. दोन्ही कठडे एकाच सुताराने केले आहेत, हे त्यांना कोण सांगणार?

चॉकलेटचा बार दुसऱ्या फांदीवरचा आहे. येथे दांड्याचे अडवण्याचे काम गळून पडले आणि लांबट आकार तेवढा राहिला. सोन्याची लगड, साबणाची वडी, लोखंडाची सळई हे सगळे त्या आकारामुळे ‘बार’ झाले.

राहिला मिलिबार. तो ग्रीक ‘बारोस’वरून आला, बारोस म्हणजे वजन. वायुभार मोजणाऱ्या बॅरोमीटरमध्येही तोच आहे. एक बार म्हणजे १ लाख पास्कल. समुद्रसपाटीवर हवेचा प्रमाण दाब १०१३.२५ मिलिबार धरतात, म्हणजे एका बारहून किंचित जास्त. मोटारीच्या टायरमध्ये २.२ बार हवा भरा असे लिहिलेले असते, ते पेट्रोलपंपावरच्या भाषेत सुमारे ३२ पौंड होतात. हल्ली हवामानाच्या बातमीत हेक्टोपास्कल ऐकू येते, पण आकडा तोच राहतो, कारण दोन्ही परिमाणे नेमकी सारखी आहेत. येथे मराठी वाचकाला ‘बार’ आणि आपला ‘भार’ एकच असावेत असा मोह होतो, आणि अर्थ जुळत असल्यामुळे तो मोह अधिकच पटणारा असतो. पण ते खरे नव्हे. ‘बारोस’चा संस्कृतातला सख्खा आप्त ‘गुरु’ आहे, जड या अर्थाचा, गुरुत्वाकर्षणातला. ‘भार’चे ग्रीक नातलग ‘वाहून नेणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडे आहेत.

प्रश्न : मी तीस वर्षे खनिजाच्या बार्जवर काम केले. पावसाळा लागला की ‘आग्वादचा बार बंद’ असे आम्ही म्हणत असू. हा बार कोणता? बार्जमधला ‘बार’ तोच का?
– एक वाचक, आमोणे

उत्तर : आपण म्हणत होता तो बार दाराचाच अडसर आहे, दार मात्र मांडवीचे. नदीच्या मुखाशी, प्रवाह आणि समुद्राच्या लाटा समोरासमोर येतात तेथे, वाळू आडवी साचून उथळ पट्टा तयार होतो आणि तो जहाजांची वाट अडवतो, म्हणून खलाशांनी त्याला बार म्हटले. पोर्तुगीजमध्ये ‘बार्रा’ या एकाच शब्दात दांडा, वाळूचा पट्टा आणि त्यावरून जाणारे नदीचे मुख हे सगळे अर्थ येतात. म्हणून जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत गोव्याच्या ‘बार्रा’चा उल्लेख आढळला तर तेथे मद्यालय शोधू नये; जहाजे आत शिरण्याची जागा असा त्याचा अर्थ घ्यावा. त्या जागेवर नजर ठेवण्यासाठीच १६१२ मध्ये पुरा झालेला आग्वादचा किल्ला तेथे उभा आहे, आणि त्याच्या नावात ‘आग्वा’ म्हणजे पाणी आहे, कारण जहाजे तेथल्या झऱ्याचे गोडे पाणी भरून घेत.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळला की लाटा तळाची वाळू ढवळून मुखाशी आणून टाकतात, पाण्याची खोली घटते आणि उथळ भागावर लाटा फुटू लागतात. माल भरलेला बार्ज पाण्यात खोल बसलेला असतो. तो तेथून नेणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे पावसाळ्यात मांडवीतले बार्ज समुद्राचा रस्ता सोडून कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरत आणि तेथून मुरगावला जात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल. २०१७ च्या जुलैत एक कॅसिनो जहाज भर पावसात मांडवीत शिरू पाहताना मिरामारच्या वाळूत रुतून बसले, तेव्हा हा बार पणजीकरांना किनाऱ्यावर उभे राहून पाहता आला.

मराठी भूगोलाच्या पुस्तकात याला ‘वाळूचा दांडा’ म्हणतात. भाषांतर असेल किंवा स्वतंत्र सुचलेले असेल, पण मराठीनेही येथे दांडाच पाहिला, याचे मला कौतुक वाटते.

बार्जमधला ‘बार’ मात्र यांच्यातला नाही. तो नौकेसाठी असलेल्या जुन्या लॅटिन शब्दाकडून आला आहे.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या क्लब हाऊसवर ‘क्लोज्ड टू ऑल बार मेंबर्स’ अशी पाटी लागली आहे. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणतात की ही पाटी त्यांच्याविरुद्ध आहे. सचिव म्हणतात की इंग्रजी बरोबर आहे. कोणाचे खरे?
– एक सभासद, पर्वरी

उत्तर : दोघांचेही, आणि म्हणूनच पाटी बदलावी.

‘बार’ हे क्रियापद झाले की त्याचा अर्थ मनाई करणे, आणि त्यातूनच ‘वगळून’ या अर्थाचे ‘बार’ आणि ‘बारिंग’ ही अव्यये निघाली. ‘ऑल बार वन’ म्हणजे एक सोडून सगळे. ‘बार नन’ म्हणजे कोणाचाही अपवाद न करता. सचिवांना ‘सभासद सोडून सर्वांना बंद’ असे म्हणायचे होते. वकीलसाहेबांनी ‘बार मेंबर्स’ हे दोन शब्द एकत्र वाचले आणि ‘बारच्या सर्व सभासदांना बंद’ असा अर्थ लावला. व्याकरणाने दोन्ही अर्थ निघतात. या अर्थाचा ‘बार’ बोलण्यात खपतो. पाटीवर, नोटिशीत आणि नियमावलीत त्याच्याऐवजी ‘एक्सेप्ट’ लिहावे. त्याहून बरे म्हणजे ‘सभासदांखेरीज इतरांस प्रवेश नाही’ अशी मराठी पाटी लावावी, जिच्यात वाद घालायला वकिलालाही जागा सापडणार नाही.

इंग्रजी वृत्तपत्रांना या शब्दाची ओढ असते ती याच द्व्यर्थामुळे. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली, तेव्हा गोव्यातल्या कितीतरी दुकानदारांची झोप उडाली. पुढे लहान वस्त्यांसाठी ते अंतर २२० मीटरवर आणले गेले. अशा निर्णयाला इंग्रजीत ‘बार ऑन बार्स’ म्हणता येते, आणि त्याविरुद्ध युक्तिवाद करायला पुन्हा बारचेच सभासद लागतात.

प्रश्न : ‘बारिंग’मध्ये आर एक की दोन?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : दोन. एक आर घातल्यास तो ‘बेअर’ या, उघडे करणे अशा अर्थाच्या, क्रियापदाचा भाग होतो आणि उच्चार ‘बेअरिंग’ होतो. ‘रविवार सोडून’ असे लिहिताना एक आर गाळणाऱ्याने रविवारला उघडे पाडलेले असते.

प्रश्न : आमची मुलगी व्हायोलिन शिकते आणि तिचा भाऊ तबला. तिच्या वहीत ‘चार बार’ असे लिहिलेले असते. बार म्हणजे आवर्तन का?
– एक पालक, ताळगाव

उत्तर : जवळचे आहे, पण तंतोतंत नाही. पाश्चात्त्य स्वरलिपीत पाच आडव्या रेघांवर स्वर लिहितात आणि ठरावीक मात्रा झाल्या की त्या पाचही रेघांना छेदणारी एक उभी रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे बार. एरवी आडवा असणारा हा दांडा येथे उभा झाला आहे. नंतर दोन रेघांमधल्या जागेलाच बार म्हणू लागले आणि रेघेला ‘बार लाइन’ म्हणावे लागले. अमेरिकेत त्या जागेला ‘मेझर’ म्हणतात, म्हणून मुलीच्या दोन पुस्तकांत दोन शब्द दिसले तर गोंधळू नये.

आपल्या मुलाच्या वहीत भातखंडे पद्धतीने ताल लिहिला असेल, तर तेथेही विभाग वेगळे करणाऱ्या उभ्या रेघा सापडतील. चार मात्रांचा एक बार हा तीनतालाच्या एका विभागासारखा असतो आणि असे चार बार मोजले की सोळा मात्रांचे एक आवर्तन भरते. फरक असा की आवर्तनाला सम आणि खाली असते, सोळाव्या मात्रेनंतर समेवर परतण्याची ओढ असते, तर बार एकापुढे एक ठेवलेल्या विटांसारखे जातात आणि वाक्य कोठे पुरे झाले हे रेघ सांगत नाही, चाल सांगते. दोघा भावंडांना एकदा एकत्र बसवून सोळा मोजायला लावा.

प्रश्न : एका जवानाला ‘बार टू सेना मेडल’ मिळाल्याची बातमी वाचली. पदक मिळाले की नाकारले?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : मिळाले, तेही दुसऱ्यांदा. तेच पदक पुन्हा मिळाले की दुसरे पदक छातीवर लावत नाहीत. पहिल्याच पदकाच्या फितीवर धातूची एक आडवी पट्टी बसवतात, ती पट्टी म्हणजे बार. मराठी बातमीत ‘दुसऱ्यांदा सेना पदक’ असे लिहिले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

प्रश्न : वस्तूंवरच्या बारकोडचा आकडा ८९० ने सुरू झाला की वस्तू भारतात तयार झालेली असते, हे खरे का?
– एक दुकानदार, कुडचडे

उत्तर : नाही. ८९० वरून एवढेच कळते की तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला आहे. वस्तू कोठे तयार झाली हे वेष्टनावर वाचावे. शब्दापुरते बोलायचे तर त्या काळ्या उभ्या पट्ट्या हेच बार. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात च्युइंगमच्या एका पाकिटावरच्या अशा पट्ट्या दुकानातल्या यंत्राने पहिल्यांदा वाचल्या.

प्रश्न : मी भाषांतराचे काम करतो. ‘बार’साठी सर्वत्र चालेल असा एक मराठी शब्द सुचवावा.
– एक भाषांतरकार, मडगाव

उत्तर : असा शब्द नाही, आणि नसल्याचे मला दुःखही नाही. इंग्रजीने एका दांड्यावर सगळा संसार उभा केला. मराठीने प्रत्येक कामाला वेगळे हत्यार ठेवले. तुरुंगाच्या आणि खिडकीच्या बारला गज म्हणतात, म्हणून चोर ‘गजाआड’ जातो. स्लॅबमध्ये घालतात ती सळई, जमीन खणायला लागते ती पहार, साबणाची वडी, सोन्याची लगड. आलेखातला बार स्तंभ होतो. कायद्यात दावा ‘टाइम-बार्ड’ असेल तर तो मुदतबाह्य. बांधकामावर ‘बार बेंडिंग’ हा शब्द सगळे कामगार वापरतात आणि तेथे ‘सळई वाकवणे’ असे लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण पुस्तकात तो शब्द समजावून तरी द्यावा. मद्याच्या बारला बारच राहू द्यावे. ‘मद्यपानगृह’ असा फलक लावलेल्या ठिकाणी कोणी आत जाईल असे वाटत नाही.

एका प्रयोगाविषयी मात्र माझी तक्रार आहे. ‘या संघाने बार उंचावला’ असे क्रीडापानांवर अलीकडे सर्रास छापले जाते. ही प्रतिमा उंच उडीतली आहे. तेथे दोन खांबांवर ठेवलेली आडवी काठी प्रत्येक फेरीत वर सरकवतात. मराठी वाचकाला ‘बार उंचावला’ वाचून उंच उडी आठवत नाही, उंचावलेला पेला आठवतो. ‘या संघाने पुढच्यांचे काम अवघड करून ठेवले’ असे लिहिले तर काय बिघडते?

प्रश्न : ‘लग्नाचा बार उडवला’, ‘फुसका बार’, ‘तंबाखूचा बार भरला’ यातला बार इंग्रजी नसावा. आणि बारदेशचे काय?
– एक गृहिणी, शिवोली

उत्तर : आपला अंदाज बरोबर आहे. हा बार इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठीत आहे आणि त्याचा संबंध फारसी ‘बार’शी, म्हणजे ओझ्याशी, जोडला जातो. बंदुकीत किंवा तोफेत एका वेळी ठासायची दारू म्हणजे एक बार. तो भरायचा आणि मग उडवायचा. दारू दमट असली की तो फुसका निघायचा. तंबाखूची चिमूट गालात ठासणाऱ्याला बंदूक भरणाऱ्याची आठवण कोणाला तरी झाली असावी, आणि लग्नाचा बार तर आवाजाचाच. धान्याचे बारदानही याच कुळातले. डिचोलीच्या शिक्षकांना वर लिहिले की मिलिबारचे आपल्या ‘भार’शी नाते नाही, या फारसी बारचे मात्र आहे, कारण फारसी ‘बार’ आणि संस्कृत ‘भार’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत.

बारदेश हे नाव ‘बारा देश’ यावरून आले असे मानले जाते. कळंगुटच्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवरच्या पाट्या पाहून एखाद्या पाहुण्याने दुसरा तर्क केला, तर त्याला हसू नये, समजावून सांगावे.